उसवलेली कॉलर

माझ्या ताईला कारखान्यात सगळ्या जणी 'भिंग' म्हणतात. तिच्यामागे, अर्थात. शिवलेले शर्ट तपासायचं तिचं काम. खोट दिसली की तिथे लाल पट्टी चिकटवायची आणि तो शर्ट स्वतः नेऊन शिवणारीच्या मशीनवर टाकायचा. चांगला शर्ट मुकाट्याने पुढे माझ्याकडे, इस्त्रीला येतो. चांगल्यासाठी शब्द खर्च करायची आमच्याकडे पद्धत नाही. घरीही तेच. आम्ही दोघी एकत्र राहतो. तिचा नवरा वारला, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. माझ्या भाजीला तिने कधी बरं म्हटल्याचं मला आठवत नाही.

अशी ही बाई एकदा बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणाली, "सांभाळून आणलंत हो, बरं वाटलं." त्याने आरशातून असं पाहिलं, जणू तिने तिकीटच काढलं नव्हतं. मग झाडूवालीला काहीतरी गोड बोलली. मग वरच्या शेजारणीला, जिच्याशी वाळत घातलेल्या चादरींवरून आमचं हाडवैर! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस उगाच गोड होत नाही. एक तर त्याला काहीतरी हवं असतं, नाही तर तो निरोप घेत असतो. ताईला कुणाकडून काही नको होतं. म्हणजे दुसरंच. मन चिंती ते वैरी न चिंती. ती आंघोळीला गेली की मी तिची पर्स, कपाट, गादीखालची जागा, सगळं धुंडाळायचे. डॉक्टरचा एकही रिपोर्ट सापडला नाही, म्हणून तर मी जास्तच घाबरले. लपवलाय म्हणजे मोठंच काहीतरी असणार.

त्यातच तो कॉलरचा प्रकार झाला. एका नव्या पोरीने कॉलर फार सुरेख बसवली होती. ताई तो शर्ट घेऊन तिच्याकडे निघाली. पोरीने भिंग येताना पाहिलं, हातातला शर्ट पाहिला. लाल पट्टी आहे की नाही ते बघितलंच नाही. "सॉरी बाई, लगेच करते," म्हणत तिने शर्ट ओढून घेतला आणि ताई तोंड उघडेपर्यंत कॉलर उसवूनही टाकली.

"अगं, चांगली झाली होती," ताई म्हणाली. "तेच सांगायला आले होते."

आजूबाजूच्या मशिनी थांबल्या. पोरीचा चेहरा पांढराफटक. "मला काढून टाकताय का?"

त्या संध्याकाळी ताई जेवली नाही. मी भांडी घासत होते, तशी मागे येऊन उभी राहिली. "तू आहेस म्हणून माझं बरं चाललंय ग."

मी पातेलं तसंच टाकून वळले. "पुरे! रिपोर्ट कुठेय? काय निघालंय त्यात?"

"कसला रिपोर्ट?" ती स्टुलावर बसली. "झोप लागत नव्हती मला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एका तरी माणसाला मनापासून चांगलं म्हणून बघा. हसू नकोस. लागते झोप हल्ली."

मी तिचा चेहरा निरखला. डोळ्यांखालचा काळेपणा खरंच कमी झाला होता. तरी माझं समाधान होईना. "माझी शपथ घे."

"आयुष्यात एकदा मी बरं बोलले," ती म्हणाली, "तर त्या पोरीला वाटलं नोकरी गेली, आणि तुला वाटलं मी मरतेय. इतकी वाईट होते का ग मी?"

मी "नाही" म्हणाले. पण जरा उशिराच म्हणाले.