अक्काच्या खाटेशी बसवणाऱ्या विमल मॅडम

विमल मॅडमची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावं का, असं विचारल्यावर मॅडमच म्हणाल्या, "लिहा की, खरं आहे ते." माधवनगरात माझी खानावळ आहे आणि शेजारी बुद्धविहार. तिथल्या रविवारच्या ध्यानवर्गाच्या चपला थेट माझ्या दारात यायच्या. ऐन गर्दीत एकदा माझा पारा चढला आणि विहाराच्या पायरीवर उभं राहून मी तोंडाचा पट्टा सोडला. वर्ग घेणाऱ्या मॅडम बाहेर आल्या, स्वतः चपला बाजूला लावल्या आणि म्हणाल्या, "तुमचा राग रास्त आहे. पण आत्ता तो अंगात कुठं जाणवतोय?"

"कुठं म्हंजे? डोक्यात!"

"नीट बघा."

बघितलं तर छाती धडधडत होती, मुठी आवळलेल्या. मला हसूच फुटलं. पुढच्या रविवारी मी वर्गाला गेले.

मॅडम मूळच्या शाळामास्तरीण, त्यामुळे शिकवणं सोपं. आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं; मैत्रीभावना म्हणजे ज्याचा राग येतो त्याचंही भलं चिंतणं. शेजारच्या फळवाल्या रेहानाभाभी वर्गात डोळे मिटून अल्लाचं नाव घेतात, त्यालाही मॅडमची ना नाही. मॅडमनाही राग येतो, बरं का! वर्गात मोबाइल वाजला की चेहरा बघावा. मग स्वतःच म्हणतात, "आला बघा."

माझं खरं दुखणं म्हणजे म्हसवडची माझी थोरली बहीण, अक्का. माझे यजमान गेले तेव्हा ती आली नाही. ना फोन, ना निरोप. वर्गात मी नेमानं "अक्का सुखी होवो" म्हणायचे. हळूहळू राग येईनासा झाला आणि मला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात कळलं, अक्काला हृदयाच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला आणलंय. वर्गात सांगितल्यावर सगळ्यांनी तिच्यासाठी मैत्रीभावना केली. डोळे उघडले तर मॅडम खांद्याला पिशवी लावून उभ्या.

"शोभाताई, इथं बसून मैत्री पाठवणं सोपं आहे. चला, एसटी मिळेल."

आम्हा ध्यानवाल्यांची ही हमखास चूक. डोळे मिटून सगळ्या जगाला माफ करतो आणि सख्ख्या बहिणीच्या दारात जात नाही.

दवाखान्यात मला बघताच अक्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता कशाला आलीस? मेले का बघाया?"

"तू तरी कवा आलीवतीस?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "उत्तर देऊ नका. श्वास बघा. नुसत्या बसा."

बसले. कान तापले होते. उठून जावं असं दहादा वाटलं. मॅडम शेजारच्या स्टुलावर बसून होत्या. बऱ्याच वेळानं चादरीखालून अक्काचा हात बाहेर आला.

"शोभे, लय भ्या वाटतंय गं."

मी तो हात दोन्ही हातांत धरला आणि हमसून हमसून रडले.

ऑपरेशन सुखरूप झालं. यजमान गेले तेव्हा का आली नाहीस, हे मी अजून विचारलेलं नाही, तिनंही सांगितलेलं नाही. मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त लेख लिहितेय म्हटल्यावर अक्का फोनवर म्हणाली, "माझा बी नमस्कार लिव्ह. आन् म्हणावं, आमचं भांडाण मिटल्यालं न्हाई, पर आमी बोलतोय."

मॅडम, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्ही दोघी बहिणी म्हाताऱ्या होऊन समोरासमोर भांडू, तेव्हा आपण तिथं हव्यात.