काझीसरांची तीन रूपं

काझीसरांना मधूनच सुरू केलेलं चालायचं नाही. ‘ब्रेक’ या इंग्रजी क्रियापदाचं तिसरं रूप विचारलं आणि कुणी थेट ‘ब्रोकन’ म्हणालं, की सर खेकसायचे, “पहिल्यापासून! पायरी सोडायची नाही.” घणसोली गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत आम्ही वीसेक नोकरदार मांडी घालून पाढे म्हणावेत तसे ओरडायचो, गो-वेंट-गॉन, टेक-टूक-टेकन. खालच्या इस्त्रीवाल्यालाही ते पाठ झालं होतं.

वाक्यं कधी शिकवणार, असं मी दर आठवड्याला विचारायचे. सर चष्मा पुसत म्हणायचे, “बेटा, आधी क्रियापद पक्कं कर. वाक्य आपोआप येतं.” डोंबल येतं! दोन वर्षं झाली तरी आपोआप काही येईना.

मला घाई होती. द्रोणागिरीच्या गोदामात पाच वर्षं उभ्याने बॉक्सवर लेबलं चिकटवून पाय गेले होते, आणि ऑफिसात खुर्चीवरची एक जागा निघाली होती. काम काय, तर परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं. परीक्षेत साहेबांनी एक फुटलेला बॉक्स समोर ठेवला. म्हणाले, याला काय झालंय ते इंग्रजीत सांगा. मला येत होतं हो! पण ओठ आपसूक पुटपुटायला लागले, ब्रेक, ब्रोक... शेजारची मुलगी फिस्सकन हसली. मी ‘ब्रोकन’पर्यंत पोचायच्या आत साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. जागा त्या हसणारीलाच मिळाली.

संध्याकाळी तणतणत सरांकडे गेले. आज सुनवायचंच, असं ठरवून. दार उघडंच होतं. सरांनी बिस्किटांच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवला होता, आणि पडद्यावर त्यांचा मस्कतचा नातू. त्याला मराठी येत नाही. नाना, आज काय केलंत, असं तो इंग्रजीत विचारत होता. सरांचे ओठ हलत होते, “गो, वेंट...” तेवढ्यात पोरगं कंटाळून उठून गेलं. रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली.

“लहान आहे, त्याला दम नाही,” सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “झाली का गं परीक्षा?”

स्वतःला न येणारं इंग्रजी या माणसाने आम्हाला दोन वर्षं शिकवलं! राग आला, तो आजही आहे. पण दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमधून उतरले की मी त्यांच्यासमोर बसायला लागले. नातवाचा तोच प्रश्न इंग्रजीत विचारायचा आणि गप्प राहायचं. सर पुटपुटायचे, अडकायचे, परत पहिल्यापासून. जाम वैताग यायचा. तरी मी उठले नाही. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं ना.

गेल्या महिन्यात सरांची मुलगी त्यांना मस्कतला घेऊन गेली. क्लास बंद झाला. परवा दुपारी गोदामात त्यांचा फोन आला.

“बेटा, आज त्याने विचारलं. मी पहिल्यापासून सुरू केलं,” आणि सरांचा आवाज फुटला. “तो थांबला गं.”

लेबलांची गुंडाळी हातात धरून मी तिथेच रडले. ऑफिसच्या काचेपलीकडून ती हसणारी बघत होती. बघू दे.