व्हर्नाच्या फुल्या

व्हर्ना स्टकीनं एकतीस वर्षं टॅमरॅक काउंटीच्या कोर्टात कारकुनी केली. तेव्हा गरीब आरोपींसाठी ठेक्यावरचा एकच वकील होता, तोही पन्नास मैलांवरून येणारा. बारीकसारीक खटल्यांना तो फिरकतच नसे. मग व्हर्ना कबुलीच्या छापील अर्जावर पेन्सिलीनं दोन फुल्या मारून ठेवायची, एक ‘गुन्हा कबूल’समोर आणि एक ‘वकील नको’समोर. घाबरलेल्या माणसाला सहीची जागा शोधत बसायला लागू नये, एवढाच हेतू. दुपारच्या आत सगळे मोकळे. लोक तिला दुवा देत.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी काउंटीनं अशा लोकांसाठी स्वतःची वकिलांची कचेरी काढली. बियाण्याच्या जुन्या दुकानात दोन टेबलं मांडली. वकील जोआना किट्रेज, आणि मदतीला व्हर्ना. येईल त्याला अर्ज नुसता वाचायला द्यायचा, मी बोलल्याशिवाय कुणी सही करायची नाही, असं जोआनानं पहिल्याच दिवशी बजावलं. व्हर्नानं मान डोलावली आणि कोर्टातून आणलेला, आधीच फुल्या मारलेल्या अर्जांचा गठ्ठा खणात ठेवला.

जानेवारीत ड्वेन प्रुइट आला. तो शाळेची बस चालवायचा. लाकडं कापायची करवत घरमालकानं वारण्याआधी त्याला देऊन टाकली होती; ती त्यानं चोरली, असा मालकाच्या मुलांचा आरोप होता. सुटलास तरच बस तुझी, असं शाळेनं कळवलं होतं. मालकाला करवत देताना ज्यानं पाहिलं तो माणूस जोआनानं शोधूनही काढला होता. पण तारखेच्या सकाळी ती शेजारच्या काउंटीतल्या तुरुंगातून परतताना घाटात बर्फात अडकली, आणि इकडे कोर्टातून बोलावणं आलं.

व्हर्नानं गठ्ठ्यातून वाचायला दिलेला अर्ज पुढं करून ड्वेननं विचारलं, “व्हर्नाबाई, ह्याचं काय करू?”

दोन्ही फोन वाजत होते. “फुल्या आहेत ना, तिथं सही कर,” व्हर्ना म्हणाली. इतक्या वर्षांचं वाक्य, आपसूक तोंडातून गेलं.

समजून-उमजून कबूल करतोस ना, असं न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, ड्वेन तिन्हीदा हो म्हणाला. जोआना पोचली तेव्हा शिक्का पडला होता. कबुली मागं घेण्याचा तिचा अर्ज महिन्याभरानं फेटाळला गेला.

व्हर्नानं राजीनामा लिहून दिला. जोआनानं तो न वाचताच परत सरकवला. “फोन कोण उचलणार?” एवढंच ती म्हणाली. त्यात माया नव्हती.

मार्चमध्ये ड्वेन आपले कागद न्यायला आला. व्हर्नानं माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. पण ती म्हणाली, “वाचलं नव्हतंस का रे?”

“वाचलं की. ‘वकील नको’पाशी थबकलोही. पण म्हटलं, खूण तुमच्या हातची आहे.”

तो गेल्यावर तिनं गठ्ठा काढला आणि खोडरबर घेऊन बसली. पेन्सिलीचं काळं निघत होतं, पण ती कायम दाबून लिहायची. उजेडात धरल्यावर फुल्या दिसतच होत्या. तिनं सगळे अर्ज शेगडीत घातले आणि कोरे मागवायला कोर्टात फोन लावला.

तिच्या जागी आलेल्या मुलीनं फोन उचलला. “कोरे कशाला, बाई?” ती आपुलकीनं म्हणाली. “तुम्ही शिकवल्यात तशा फुल्या मारूनच पाठवते.”