अक्काच्या फडताळातल्या बाटल्या

“मावशी, आई गेली,” भाच्यानं फोनवर एवढंच सांगितलं. अक्का माझी थोरली बहीण, ढोकीजवळच्या एका गावात तीस वर्षं अंगणवाडीताई होती. तिला जाऊन सव्वा महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. पण अक्काला खोटं कौतुक सोसायचं नाही, म्हणून खरं तेच लिहिते.

गल्लीत कुणाचं लेकरू तापलं की बाया आधी अक्काकडं धावायच्या. कुणाच्या घरी अँटिबायोटिकची बाटली उरली की ती अक्काच्या फडताळात यायची आणि तिथून पुढच्या लेकराला जायची. औषध टाकणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं पाप, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. मीही माझ्या पोराला तिथलंच पाजलंय. नात गौरी झाली तेव्हा तर अक्काच्या जिवाला थारा नव्हता. जरा नाक वाहिलं की चमचा पुढं. सून सुनीता शेतात गेलेली असायची. वर्षभरात असं किती वेळा झालं, ते अक्कालाही सांगता आलं नसतं...

पोरीनं बाळसं धरलं म्हणून आम्ही कौतुकानं दृष्ट काढली. सातव्या वर्षी मात्र शाळेचा जिना चढताना गौरीला धाप लागायला लागली. वर्गातली मुलं तिच्या जाडीवरून नको ते बोलायची आणि ती डबा न खाता परत आणायची. गल्लीनं सुनीतेलाच धारेवर धरलं. अक्काही म्हणायची, “लई चारतीस तू तिला.” धाराशिवच्या डॉक्टरांनी विचारलं, पहिल्या वर्षात अँटिबायोटिक किती वेळा दिलं? सुनीता म्हणाली, “एकदाच.” तान्हेपणी ते फार वेळा दिलं तर पुढं वजन वाढण्याचा धोका वाढू शकतो, असं डॉक्टर म्हणाले; हिच्या बाबतीत तेच कारण, असं मात्र छातीठोक सांगता येणार नाही, असंही म्हणाले. अक्का शेजारीच बसली होती.

हे तिनं मला शेवटच्या भेटीत सांगितलं. “म्या गप बसले गं. वर तिलाच बोल लावत ऱ्हायले.” मला राग आला. म्हणाले, “मग आता तरी सांग तिला.” “सांगते की...” म्हणाली. चार दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर मीच सुनीतेला सांगितलं. अक्काच्या खोलीत ती अक्काच्याच साड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “मला ठावं हुतं, मावशी. चमचा मीच धूत हुते.”

“मग डॉक्टरांना एकदाच का सांगितलंस?”

“आईंची मान खाली गेली असती चारचौघांत.” हातातली घडी मोडून तिनं पुन्हा घातली. “त्या एकदा तरी म्हणतील, तुझं चुकलं न्हाय म्हणून... तीन वर्सं वाट बघितली.”