आईच्या रक्ताची स्लाइड

काल नाशिकच्या आमच्या रक्तपेढीत मायक्रोस्कोपला लागणाऱ्या देवदार तेलाची बाटली उघडली आणि तो लाकडासारखा गोडसर वास मला थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला.

बायोमेडिकल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील चांदवडहून फोनवर म्हणाले होते, "डॉक्टर व्हायचं नाय, तर एवढं शिकून काय उपयोग? आई येतीये, तिच्यासंगं घरी ये." आई आली ती सरळ प्रयोगशाळेच्या दारात. मॅडमनी तिला आत बोलावलं. मी काय शिकते ते तिला कसं सांगावं कळेना, म्हणून तिच्याच बोटातून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरलं, रंगवलं आणि तिला स्टुलावर बसवलं.

कांदे निवडून खरखरीत झालेला हात मायक्रोस्कोपला लावावा की नाही, म्हणून ती क्षणभर थांबली. मग वाकली. बराच वेळ तिनं मान वर केली नाही.

"हे माझं रक्त हाय?"

"हो, आई."

"लय देखणं हाय गं," ती हळूच म्हणाली. "तू शिक. तुझ्या बापाला मी बघते."

त्या एका थेंबानं आईचं मन वळवलं, असं मी कित्येक वर्षं अभिमानानं सांगायचे. आता माझी लेक शिकायला बाहेरगावी निघाली आहे. आज सकाळी तिची बॅग भरताना आठवलं, त्या दिवशी आई माझ्या होस्टेलच्या खाटेवर नवी गोधडी ठेवून गेली होती, थंडीसाठी. लेकीला परत न्यायला आलेली आई गोधडी कशाला आणेल?