भांडखोरांचं टेबल

पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी तिला कोणी नावाने हाक मारत नसे. घरात ती धाकटी सून, म्हणून सगळ्यांची ‘धाकटी’. मोठ्या दिरांनीच तिला कारखान्यात चिकटवलं होतं, त्यामुळे तिथेही तेच नाव तिच्या मागोमाग आलं. कारखाना बेताचाच. तान्ही मुलं अंगाशी बांधून घ्यायचे कापडी पट्टे तिथे शिवले जात. लांबट खोली, रांगेने टेबलं, टेबलांवर शिलाई यंत्रं, आणि एकेका टेबलावर एकेका समाजाची माणसं. असा काही नियम नव्हता बरं का. एकाने मेव्हण्याला आणलं, दुसरीने बहिणीला, आणि बघता बघता टेबलांची गावं झाली.

दिरांच्या टेबलावर दीर बोलत आणि बाकीचे माना डोलवत. माणूस वाईट मुळीच नव्हता. कोणाचं काही अडलं की पहिला धावून जाणार. पण नेमकी तिथेच गोम होती. भाचा, चुलतभाऊ, बायको, भावजय. कोणी उपकाराखाली दबलेलं, कोणी नात्याने लहान. दिरांपुढे ब्र काढणार कोण? सगळे मूग गिळून बसत आणि काम कसं सुरळीत चाले. धाकटीनेही कितीतरी वर्षं मान डोलावली होती.

एकदा तिचं यंत्र बिघडलं, म्हणून तिला तात्पुरतं खिडकीजवळ बसवलं. तिथे उरलेसुरले बसत. ज्यांचं कारखान्यात आपलं असं कोणी नव्हतं. एक डोंगराकडची विधवा, मुलखाची तोंडाळ. दुसरा समुद्रापलीकडून आलेला उंच शिंपी, ज्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी काढण्यासारखं. तिघांची भाषा तीन तऱ्हेची, त्यातून एक मोडकीतोडकी चौथी तयार झाली. सुरुवातीला धाकटी घरी येऊन चक्क रडली. शिंपी गप्प बसला की तिला वाटे हा रागावलाय. ती बोलत सुटली की त्याला वाटे हिला काम नकोय. माल सगळ्यांत कमी निघे तो त्यांच्याच टेबलावरून. तरी यंत्र दुरुस्त झाल्यावर ती परत गेली नाही. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. एवढंच, की तिथे तिचं म्हणणं कोणीतरी खोडून काढायचं, आणि खोडायचं म्हणजे आधी ते ऐकावं लागायचं.

मग तक्रारी येऊ लागल्या. आई वाकली की पट्ट्यातलं मूल एका बाजूला कलंडतं. उपाय शोधा, असं सगळ्या टेबलांना फर्मान निघालं. दिरांनी चहा संपायच्या आत उपाय सांगितला, “खांद्याला जाड गादी लावा.” टेबलाने री ओढली. झालं काम!

खिडकीजवळ मात्र खडाजंगी उडाली.

“मूल पाठीवरच हवं,” डोंगराकडची म्हणाली. “दोन्ही हात मोकळे. मी चार वाढवली अशी.”

“आणि पाठीमागे त्याने काय तोंडात घातलं, ते कोण बघणार?” धाकटी म्हणाली. “कडेवर घ्यावं. पाय दोन्हीकडे टाकून मूल कसं घट्ट बसतं.”

“एक हात अडकतो,” शिंपी म्हणाला. त्याच्याकडे बाप मूल छातीशी बांधून हिंडत. “पुढे घ्या. तोंड दिसतं.”

“आणि स्वयंपाक करताना? पोराला विस्तवावर धरू?”

कोणी हार मानेना. वाळूची पिशवी मूल म्हणून आलटून पालटून प्रत्येकाच्या अंगावर बांधली गेली. त्या ओढाताणीतच एक पट्टा हळूहळू आकाराला येत होता. बैठक कडेवरची, पाठीशी रुंद कापड डोंगराकडचीचं, आणि गाठ शिंप्याच्या पद्धतीने पुढे, आपली आपल्याला मारता येईल अशी. पण तो पुरा व्हायच्या आतच सुपरवायझर येऊन उभा राहिला.

“पुरे झाला हा बाजार. उद्यापासून हे टेबल बंद. आपापल्या माणसांत बसा, म्हणजे भांडणं नकोत आणि काम खोळंबायला नको. ज्यांचं कोणी नाही त्यांना मागच्या खोलीत घड्या घालायला पाठवतो.”

शिंप्याने मुकाट्याने कात्री आवरायला घेतली. डोंगराकडचीने वाळूची पिशवी सोडून टेबलावर ठेवली. पलीकडून दिरांनी आपल्या शेजारचं स्टूल हाताने पुसलं.

“ये गं धाकटे. झालं तेवढं पुरे. आपल्या माणसांत ये.”

ती उठली. सगळ्यांना वाटलं, निघाली. ती दिरांच्या टेबलाशी गेली, त्यांचा गादीवाला पट्टा उचलला, अंगाला बांधला, त्यात बरोबर आणलेली वाळूची पिशवी ठेवली आणि जमिनीवरचं काही उचलावं तशी वाकली. पिशवी कलंडली आणि धप्पकन खाली पडली.

“भाऊजी, माफ करा, पण आज बोलणारच. एवढी माणसं आहेत तुमच्या टेबलावर. हे एकालाही दिसलं नाही? आपली माणसं, आपली माणसं म्हणता. तिथे डोकी दहा असली तरी विचार एकच आणि तोही तुमचाच. मी नाही येत. घड्या घालीन, पण या दोघांबरोबर घालीन.”

“धाकटे!” दिरांचा चेहरा लालबुंद झाला. “कोणाला काही दिसलं असतं, तर बोलले नसते का?”

“मला दिसलं होतं.”

आवाज जाऊबाईंचा होता. दिरांची बायको, उभ्या जन्मात नवऱ्यासमोर वर तोंड करून बोलल्या नव्हत्या. सुई अजून त्यांच्या बोटांत होती.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं होतं का कधी?”

खोलीतली यंत्रं एकेक करून थांबली. सुपरवायझर “आपापल्या जागी, आपापल्या जागी” म्हणत राहिला, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. जाऊबाई ताडताड चालत खिडकीपाशी आल्या. धाकटीला वाटलं, आता या मिठी मारणार. त्यांनी तिघांचा अर्धवट पट्टा उचलून उलटसुलट पाहिला.

“आणि तूही फार मान ताठ करू नकोस गं. ही गाठ भलतीच वर घेतलीये. पोर दूध मागायला लागलं, तर आईने सगळं सोडत बसायचं?”

धाकटीच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. एवढं सगळं अंगावर घेतलं, आणि वर हे ऐकायचं! “गाठीला काहीएक झालेलं नाही,” ती म्हणणार होती.

“बरोबर बोलते ही,” डोंगराकडची म्हणाली. शिंप्याने आवरलेली कात्री पुन्हा बाहेर काढली.

धाकटीने जाऊबाईंच्या हातून पट्टा घेतला आणि टेबलावर पसरला.

“मग नुसत्या उभ्या काय राहिलात, जाऊबाई? स्टूल आणा तुमचं. कुठे हवी गाठ, ते दाखवा. आणि नाही पटलं तर मी भांडणार हं!”