पालथा हात

कुठलाही कॉम्प्युटर दुकानात आला की ते आधी त्याच्या डब्यावर पालथा हात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. मग म्हणायचे, "खराब नाही झालं हो. थकलं. बसू द्या त्याले जरा." देऊळगाव राजाला बसस्टँडमागच्या त्यांच्या छोट्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

ते मूळचे सोनाळ्याचे. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा. फावल्या वेळात गेम खेळायचा नाद. दोन्हींसाठी एकच कॉम्प्युटर बांधायचा होता. प्रोसेसर कोणता घ्यावा याचा मी महिनाभर मोबाइलवर काथ्याकूट केला आणि सगळ्यात तगडा नक्की करून त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गेमले एवढा लागत नाही, भाऊ. लग्नालेही मधला पुरते. हा लय तापते. तुमच्या खोलीवर टिनं आहेत ना?"

"आहेत. पण मला वेळ वाचवायचाय."

"वाचवा," ते म्हणाले, आणि मुकाट्याने तोच मागवून दिला.

मे महिन्यात साखरखेर्ड्याच्या एका लग्नाचं काम निम्म्यावर असताना कॉम्प्युटर तापून बंद पडू लागला. मी शहाणपणा केला. पाण्याचा कूलर ओढला आणि कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला. पंधरा दिवस बरं चाललं, मग तो सुरूच होईना. त्या लग्नातली नवरी सासरहून दोन दिवसांसाठी माहेरी यायची होती, सगळ्या घराला बसून लग्न पाहायचं होतं, आणि तिचे वडील रोज फोन करत होते. मी दुकानात त्यांना फोन केला.

ते भर दुपारी आले. डबा उघडला, आतला गंज पाहिला, मग कूलर पाहिला. रागावले नाहीत.

"त्याले वारं पाहिजे होतं, भाऊ. तुम्ही ओल देली."

प्रोसेसर शाबूत होता, पण तो ज्यावर बसतो तो बोर्ड गेला होता. दुसरा बोर्ड त्यांनी सोबत आणलाच होता. ओल नको म्हणून कूलर बंद करायला लावला आणि टिनाखाली तीन तास खपले. पंखा नुसता गरम हवा फिरवत होता. स्क्रू देताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली, तर चटका बसला.

"अंग तापलंय तुमचं."

"उन्हाचं आहे. होऊ द्या, तुमाले घाई आहे."

घाई होतीच. मी पुढचा स्क्रू पुढे केला.

जाताना त्यांनी प्रोसेसरचा वेग उतरवून दिला. "आता मधल्यासारखाच चालन," म्हणाले, आणि डब्यावर पालथा हात ठेवून निघाले.

लग्नाचा व्हिडिओ वेळेवर पोचला. तिसऱ्या दिवशी त्यांचं दुकान बंद दिसलं. ऊन लागलं, दवाखान्यात नेलं, तिथेच गेले, असं शेजारच्या चहावाल्याने सांगितलं.

प्रोसेसर अजून चालतो. कोणता घ्यावा असं विचारायला लोक आता माझ्याकडे येतात, आणि मी मधला सांगतो. मला आता कामाचा कंटाळा येतो, गेम तर सुटलाच. दुपारी मध्येच थांबून डब्यावर पालथा हात ठेवतो. डबा गारच असतो.

"बसा जरा," एवढंच त्यांना म्हणायला त्या दिवशी मला काय झालं होतं?